सात नंबरचं परमिट

त्रिरत्न कॉलनी, नाशिकरोड
३ डिसेंबर २०२४

संघर्ष,

जय भीम. तुझा नागपूरचा पत्ता तुझ्या आईने दिला. तोही, "रागावून लिहायचं नाही," हे माझ्याकडून तीनदा कबूल करून घेतल्यावर. मी रागावलेलो नाही. पण बापाचा नंबर ब्लॉक करून तिकडे जाऊन बसायचं, ही काय पद्धत झाली? आईशी बोलतोस, मी शेजारी आलो की "ठेवतो" म्हणतोस. मला ऐकू येतं. कान अजून शाबूत आहेत.

कामाचं लिहितो. चौकशीचा कच्चा रिपोर्ट आला. पहिल्याच पानावर तुझं नाव आहे. 'परमिटचे क्रमांक देणारा प्रोग्राम सदोष होता, तो संघर्ष जयराम पगारे यांनी तयार केला.' नऊ जानेवारीला शेवटची सुनावणी. त्यानंतर कंपनी तुझ्यावर पोलिसात तक्रार देणार, असं सेफ्टीचे साहेब मला तोंडावर म्हणाले. नवीन नोकरीच्या दारात पोलीस उभे राहिले तर काय होईल ते तुला सांगायला नको. म्हणून तू चौकशी समितीला ताबडतोब एक पत्र लिही. चूक कुठे झाली ते लिही, मुद्दाम केली नाही ते लिही, माफी माग. लहान वय आहे, सांभाळून घेतील.

कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांसमोर बोललो ते तुला लागलं, असं आई म्हणते. "पोराचा प्रोग्राम आहे, त्यातच खोट," एवढंच तर बोललो. खोटं काय होतं त्यात? चार नोव्हेंबरला, दिवाळीच्या शटडाऊनमध्ये, तुझ्या प्रोग्रामने सात नंबर दोनदा दिला की नाही दिला? एक सात आपल्या वायरमन सहादूच्या फीडरला, म्हणजे त्याच्या लाईनला, दुसरा सात पंपहाऊसवर काम करणाऱ्या पार्टीला. परमिट म्हणजे काय हे तुला मी तू चौथीत असल्यापासून सांगत आलोय. लाईन बंद आहे, बिनधास्त हात घाल, याचा तो कागद. पंपहाऊसवाल्यांचं काम झालं, त्यांनी कंट्रोल रूमला फोन केला, "सात नंबर परत, माणसं बाजूला." ऑपरेटरने यादीतला पहिला सात खोडला आणि सहादूचा फीडर चालू केला. सहादू शेवटचा बोल्ट आवळत होता. डावा हात मनगटापासून गेला. फोनवर फीडरचं नाव पण सांगायचं असतं, मान्य. पण आमच्याकडे वीस वर्षं नुसत्या नंबरावर चाललंय, कारण नंबर कधी दोनदा निघालाच नाही. रजिस्टर एक आणि लिहिणारा मी एकटा.

चौकशीत विचारलंस तसं त्या दुसऱ्या मशीनचं, दुसऱ्या कॉम्प्युटरचं, मला परत विचारू नकोस. त्या दिवशी दहा माणसं दहा कामं करत होती.

पत्र लिही. उशीर करू नकोस.

बाबा


नाशिकरोड
१० डिसेंबर

संघर्ष,

तुझं उत्तर नाही. मी रोज खाली पेटीत बघून येतो. आई म्हणते, दिवसातून चारदा जिना उतरलात तर गुडघे जातील. जाऊ देत. घरात बसवत नाही आणि ऑफिसात तर त्याहून बसवत नाही.

तुझ्या कपाटात ती निळी वही सापडली. सापडली म्हणजे मी शोधली. वाचली. निम्मं डोक्यावरून गेलं, निम्मं दोनदा वाचल्यावर कळलं. जूनमधल्या पानावर तू लिहिलंयस, 'प्रत्येक खिडकी स्वतःचा नंबर देणारा बनवतेय. चार परमिटं उघडली, चारही एक नंबर!' खाली रेघ मारलीस, दोन उद्गारचिन्हं टाकलीस. मी आईला ओरडून सांगितलं, हे बघ, सापडली चूक, यानेच लिहून ठेवलीय.

मग पान उलटलं. पुढे लिहिलंय, 'सिंगलटन करायचा. कोणीही मागितला तरी नवीन बनवायचा नाही, जो आहे तोच हातात द्यायचा.' आणि त्याच्या खाली, की नुसता बनवून भागत नाही. कॉम्प्युटरवरचा 'ऑफिस' नावाचा कागद टाईप करायचा प्रोग्राम सुरू होताना जी यादी वाचतो, तिच्यात त्याचं नाव सिंगलटन म्हणून रजिस्टर करावं लागतं. नाहीतर तो तिथे असूनही कोणाला सापडत नाही.

अरे, हे तर माझंच वर्णन आहे की! टेबलावर एक माणूस, त्याचं नाव गेटपासून कंट्रोल रूमपर्यंत सगळ्यांना माहीत, नंबर पाहिजे तर त्याच्याकडेच जायचं. एवढं साधं होतं तर मला तेव्हा असं का नाही सांगितलंस? सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

मला चैन पडेना. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर मी ते टाकून पाहिलं. पेनड्राइव्ह माझ्याकडेच होता. टाकताना एक-दोन बटणं दाबावी लागली, ती दाबली. मग चार परमिटं एकदम उघडली. एक, दोन, तीन, चार. बंद केलं, परत उघडलं. पाच. सहा खिडक्या उघडल्या, मध्येच दोन बंद केल्या, उलटसुलट केलं. अकरापर्यंत गेलो, एकही नंबर दोनदा आला नाही. यादीची फाईल पण उघडून घेतली, आमच्या ऑफिसातल्या चैतालीला फोनवर विचारून विचारून. तुझी ओळ तिथे आहे आणि बरोबर आहे. मी खोटं कशाला बोलू?

मग सात दोनदा कुठून आला? शोधतोय.

बाबा


नाशिकरोड
१७ डिसेंबर

संघर्ष,

काल कळवणला जाऊन आलो, सहादूकडे. सहा आठवडे मी ते टाळत होतो. दवाखान्यात गेलो होतो, पण तेव्हा तो गुंगीत होता आणि मला ते बरं वाटलं होतं. आता लिहितोच आहे तर हेही लिहितो.

त्याच्या बायकोने, नवसाबाईंनी, चहा दिला. आणि लगेच आत गेल्या. सहादू मात्र नेहमीसारखा. हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं, वर हसतोय. म्हणाला, "या जयरामभाऊ, लय दिवसांनी. मला वाटलं, माझा एक हात गेला तर तुमचे दोन्ही पाय गेले की काय." मला हसताही येईना.

मग म्हणाला, "आर्थिंगची साखळी मी आधीच काढली व्हती. तेवढी चूक माझी हाय. मी साहेबांना तसं लिहून दिलंय." ती साखळी लावलेली असती तर लाईन चालू झाली तरी करंट जमिनीत गेला असता. मी म्हटलं, कशाला लिहून दिलंस, तुझ्यावरच उलटेल. तर म्हणाला, "केलीय तर लिहाया नको?"

एवढ्यात नवसाबाई आतून पहिल्यांदा बोलल्या. "संघर्षचा फोन येतो दर रविवारी. धा वाजता. एक रविवार चुकवला नाय पोरानं."

मला हे माहीत नव्हतं. तुझ्या आईलाही माहीत नव्हतं, का तिला होतं? मी विचारलं, काय बोलतो तो? सहादू म्हणाला, "हाताचं इचारतो. नकली हात कुठं मिळतो त्याचं बघतोय. प्रोग्रामचं नाय बोलत. मीच एकदा इचारलं, का रं, नंबर दोनदा कसा पडला? तर म्हणाला, काका, ते राहू द्या. तुमचं नाव बी नाय काढलं त्यानं."

आणि निघताना त्याने मला धरलं. उजव्या हाताने, दंडाला. म्हणाला, "भाऊ, एक सांगा. त्या दिवशी मला परमिट तुमच्या टेबलावर नाय मिळालं. स्टोअरच्या खोलीत मिळालं, चैतालीताईकडं. तिथं मशीन कवा आलं?"

मी म्हटलं, गाडी चुकेल. आणि निघालो. गाडीला पाऊण तास होता. स्टँडवर मी नुसता येरझाऱ्या घालत राहिलो, लोक बघायला लागले.

बाबा


नाशिकरोड
२४ डिसेंबर

संघर्ष,

दुसऱ्या मशीनवर मी टाकलं.

हे एक वाक्य लिहायला मला आठवडा लागला. लिहिलं एकदाचं. आता बाकीचं ऐक.

त्या दिवशी सकाळी आठला माझ्या टेबलापुढे चाळीस माणसं. कॉन्ट्रॅक्टरची पोरं आरडाओरडा करतायत, सुपरवायझर घड्याळ दाखवतायत. कोणीतरी म्हणालं, "पगारे काका, तुमच्या पोराच्या कॉम्प्युटरपेक्षा तुमचं रजिस्टर बरं होतं." माझं डोकं फिरलं. स्टोअरच्या खोलीत एक मशीन रिकामं होतं. पेनड्राइव्ह घेतला, टाकलं, चैतालीला बसवलं. पाच मिनिटांत रांग अर्धी झाली. सगळे म्हणाले, वा! मला खरंच बरं वाटलं होतं, तुझाच अभिमान वाटला होता.

मी समजलो, एकच म्हणजे एकच. इथून मागा, तिथून मागा, देणारा एकच असणार. तुझ्या वहीत आहे ना, 'कोणीही मागितला तरी'. पण त्याच्याच खाली बारीक अक्षरात तू लिहिलंयस, 'एका मशीनवर, एका चालू ऑफिस-प्रोग्राममध्ये एकच. दुसऱ्या मशीनवर दुसरा.' म्हणजे माझ्या टेबलावर एक एकटा बसला होता आणि स्टोअरमध्ये दुसरा एकटा. दोघंही त्या सकाळी एक नंबरापासून सुरू, म्हणजे एक ते सहाही दोनदा निघाले असणार, नडला तो सात. दोघांचंही बरोबर होतं. एकमेकांची त्यांना गंधवार्ता नाही.

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी टाकलं असतं का?

काल चैताली माझ्याकडे आली. डोळे लाल. सेफ्टीच्या साहेबांनी तिच्यापुढे टाईप केलेला कागद ठेवलाय. 'सदर प्रोग्राम स्टोअरमधील मशीनवर संघर्ष पगारे यांनी स्वतः येऊन टाकला.' सही मागितलीय. ती म्हणाली, "काका, तुम्ही टाकलात ना? मी तिथंच उभी होते. मी काय करू? नोकरी कच्ची आहे माझी."

मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, तू तुझं बघ.

ती बघतच राहिली माझ्याकडे. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे ती. एकतीस जानेवारीला मी रिटायर होतोय, संघर्ष. सदतीस वर्षं नोकरी, एक मेमो नाही. निरोपाचा हॉल ठरलाय, आईने साडी आणलीय. हे सगळं त्या एका क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि तोंडातून तेवढंच निघालं.

बाबा


नाशिकरोड
२ जानेवारी २०२५

मागच्या पत्रात मी लिहिलं, मला माहीत नव्हतं. ते खोटं आहे.

आई समोर बसलीय. तिला कालच सगळं सांगितलं. ती मला एवढंच म्हणाली, "मग आता त्यालाही लिहा." ती माझ्याशी बोलत नाहीये, पण उठूनही जात नाहीये.

तो प्रोग्राम मशीनवर टाकायला घेतला की आधी एक मजकूर येतो. सगळ्या प्रोग्रामांना असतो तसा, अटी आणि शर्ती. लोक वाचत नाहीत. पण तो शेवटपर्यंत खाली सरकवल्याशिवाय 'मान्य'चं बटण दाबताच येत नाही. म्हणजे तळापर्यंत गेलेला माणूस, मी पाहिलंच नाही, असं म्हणू शकत नाही. तू अटींच्या जागी दुसरंच लिहून ठेवलं होतंस.

मी ते पाहिलं होतं. चार नोव्हेंबरला, स्टोअरच्या खोलीत, चष्मा लावून. सगळं वाचलं होतं. 'बाबा' या शब्दाने सुरू होतं, ते न वाचता राहीन कसा?

आणि 'मान्य' दाबलं.

का दाबलं ते सांगतो. ऑगस्टमध्ये तू आमच्या ऑफिसात आला होतास, मला प्रिंट काढता येईना. तू चैतालीसमोर म्हणालास, "बाबा, समजत नसेल तर विचारा ना, त्यात कमीपणा कसला?" तू चांगल्या मनाने बोललास. पण मला ते झोंबलं. ज्या टेबलावर अख्खा कारखाना मला विचारायला येतो, तिथे मी पोराला विचारायचं? आणि चार तारखेला चाळीस माणसांसमोर फोन लावून विचारायचं, बाळा, हे टाकू का? मी नाही लावला. वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

फोन खिशात होता. बस, एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी शोधत होतो, महिनाभर शोधलं, नाही सापडलं.

आणि तुला सगळं ठाऊक होतं. पेनड्राइव्ह एकच होता आणि तो माझ्याकडे होता. चौकशीत तू मला विचारलंस, "बाबा, दुसऱ्या मशीनवर कोणी टाकलं?" आणि मी म्हटलं, मला काय माहीत. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढे एक अक्षर बोलला नाहीस. मी त्याला तुझा उद्धटपणा समजलो. खरं तर तसं समजून घेतलं, कारण ते सोपं होतं.

समितीला पत्र लिहू नकोस. माफी मागू नकोस. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते फाडून टाक.

बाबा


कळवण, सहादूचं घर
१२ जानेवारी, रविवार, सकाळी साडेनऊ

संघर्ष,

नऊ तारखेचं सांगतो.

समितीचे तिघे, सेफ्टीचे साहेब, चैताली, मी. चैतालीपुढे तो कागद होताच, पेनाचं टोपण काढलेलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, तिची सही घेऊ नका, टाकणारा मी आहे. साहेब म्हणाले, "पगारे, पोराला वाचवायचा प्रयत्न कळतो आम्हाला, पण भावनेत येऊन बोलू नका." बघ, खरं बोलायला गेलो तर खरं वाटेना! मग मी पेनड्राइव्ह काढला, म्हटलं, तुमच्याच मशीनवर टाका. सगळ्यांनी आजवर तुझा कोड तपासला, सगळी पानं छापून फाईलला लावली. पण टाकताना समोर काय येतं ते कोणी पाहिलंच नव्हतं, कारण पुन्हा टाकून बघायची गरजच कोणाला वाटली नव्हती.

मजकूर आला. अध्यक्ष म्हणाले, "मोठ्याने वाचा." मी वाचला.

'बाबा, हे फक्त तुमच्या टेबलावरच्या मशीनसाठी आहे. दोन मशीनवर टाकलं तर एकच नंबर दोनदा निघेल आणि कोणाच्या तरी जिवावर बेतेल. दुसऱ्या मशीनवर टाकायची वेळ आली तर आधी मला फोन करा. मी त्यासाठी वेगळं बनवून देईन. कधीही करा, मीटिंगमध्ये असलो तरी उचलेन. तुम्ही विचारलंत म्हणून मी हसणार नाही.'

शेवटची ओळ मला वाचता आली नाही. ती चैतालीने वाचली.

मला सस्पेंड केलंय. निरोपाचा हॉल रद्द. पुढे पोलीस केस झाली तर ती माझ्यावर होईल, तुझं नाव रिपोर्टमधून काढलंय. तशी प्रत मी मागून घेतली, या पत्रासोबत पाठवतोय, जपून ठेव. चैतालीचा कागद साहेबांनी फाडला. आई परवापासून बोलायला लागली. पहिलं वाक्य, "साडी मी नेसणारच आहे." अशी बाई आहे ती.

आता इथे का आलो ते. त्या दिवसाचं सहादूचं परमिट माझ्याकडेच होतं. अपघातानंतर त्याच्या खिशातून काढलं आणि कोणाला दिलं नाही. आमचा नियम तुला माहीत आहे, ज्याने परमिट घेतलं त्यानेच सही करून परत करायचं, त्याच्या वतीने दुसऱ्याने नाही. दोन महिने ते उघडंच पडलं होतं, आणि ते पाकिटात घेऊन मी हिंडत होतो. सकाळी आल्या आल्या सहादूपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. मजकूर पण सांगितला. त्याने कागद उजेडाकडे धरून पाहिला. नवसाबाई उठून आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला आणि तो मला बरा वाटला, कारण कोणीतरी आपटायलाच हवं होतं.

मग सहादूने पेन मागितलं. कागद सरकत होता, म्हणून मी माझ्या हाताने तो दाबून धरला. त्याने सही केली. वेळ घातली, नऊ वाजून दहा. म्हणाला, "सात नंबर परत. माणसं बाजूला." आणि म्हणाला, "तुम्हाला माफ केलं असं समजू नका, भाऊ. ते मला अजून जमायचं हाय. पण धा वाजेपर्यंत बसा."

म्हणून बसलोय. ओट्यावर. फोन त्याच्या मांडीवर आहे. मी तो मागणार नाही, हे मी स्वतःला एसटीत बसल्यापासून बजावत आलोय. पाय स्थिर राहत नाहीत म्हणून हे लिहितोय.

वाजला.

तो बोलतोय. हाताचं सांगतोय, रात्री बोटं दुखतात म्हणतोय, नसलेली. आता म्हणाला, "तुझा बाप आलाय. हिथंच बसलाय, कायतरी लिहितोय."

त्याने फोन माझ्यापुढे धरलाय. तू काही बोलत नाहीयेस. पण ठेवलाही नाहीयेस, सेकंद पुढे सरकताना मला दिसतायत.

संघर्ष, पेन खाली ठेवतो. मला तुला एक विचारायचं आहे.